तिसऱ्या शनिवारची गैरहजेरी

लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच मान्य करतो. आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात दुसऱ्यांनी लिहिलेली पुस्तके मांडली, झटकली, दिली आणि परत घेतली. स्वतःचे एक पानही कधी लिहिले नाही. दोन विषयांत एम.ए. केले, पण चार माणसांपुढे उभे राहायची वेळ आली की मी मागच्या रांगेत सरकतो — अजूनही. अशा माणसाने साठी उलटल्यावर कागद पुढे ओढावा आणि अनोळखी वाचकाचा वेळ घ्यावा, हे धाडसच आहे. त्याबद्दल क्षमा असावी. पण जे सांगायचे आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलेले नाही. पत्नीला नाही, पास्टरसाहेबांना नाही. आणि रोज प्रार्थनेला बसतो तेव्हा तिथेही, खरे सांगायचे तर, त्या गोष्टीला वळसा घालूनच पुढे जातो.

आम्ही उज्जैनचे मराठी ख्रिस्ती. आजोबा नगरकडून मिशनच्या शाळेत शिकवायला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, चर्चमध्ये हिंदी — यात आम्हाला कधी काही विचित्र वाटले नाही. आमचे चर्च प्रेस्बिटेरियन. फ्रीगंजच्या बाजारापासून चालत दहा मिनिटांवर, साठ-सत्तर कुटुंबांची लहानशी मंडळी. मंडळीतून निवडलेल्या वडीलधाऱ्यांना आमच्यात एल्डर म्हणतात. पास्टर आणि पाच एल्डर मिळून कारभार बघतात. त्या बैठकीला सेशन म्हणतात. त्या पाचांत मी एक आहे. माझी निवड का झाली? मी कुणाला नाही म्हणत नाही, म्हणून. याहून मोठे कारण मला तरी सापडलेले नाही.

आमच्याकडे महिन्याचे एक पत्रक निघते. ते मीच टाइप करून फळ्यावर लावतो, आणि काही बदल असतील तर दर शुक्रवारी येऊन तेही लावतो. कोणत्या रविवारी शास्त्रवाचन कोण करणार, बुधवारचा बायबल अभ्यास कोणाच्या घरी, शुक्रवारी महिला संघाची प्रार्थना, दुसऱ्या रविवारी इस्पितळातल्या भेटी — आणि ज्या महिन्यात नवे सभासद घ्यायचे असतील त्या महिन्यात चारही शनिवारी चार वाजता सदस्यता-वर्ग. चार वर्षांपूर्वीच्या त्या नोव्हेंबरात जवळजवळ प्रत्येक ओळीसमोर माझे नाव होते. पास्टरसाहेब नवे होते, दुसरे दोन एल्डर आजारी होते, आणि कोणी विचारले की मी मान हलवत होतो. शनिवार आला की मला आदल्या रात्रीपासूनच शिणल्यासारखे होई. पण हे कारण म्हणून सांगत नाही. थकलेली माणसे पुष्कळ असतात. ती सगळीच चर्चच्या आतल्या खोलीत, वेस्ट्रीत, शिरून आतून कडी लावत नाहीत.

बघा — भलत्याच ठिकाणी येऊन पोहोचलो. क्रमाने सांगायला हवे.

आमच्यात तान्हेपणी बाप्तिस्मा होतो, पण त्याने प्रभुभोजनात सहभागी होता येत नाही. मोठेपणी हे वर्ग करावे लागतात, सेशनपुढे विचारपूस होते, मग मंडळीसमोर उभे राहून स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा. त्यानंतर भाकर आणि प्याला. आमच्याकडे प्रभुभोजन तीन महिन्यांतून एकदा असते. भाकरीचे ताट बाकावरून हातोहात फिरते, आणि ज्याचा कबुलीविधी झालेला नाही त्याने ते न घेता शेजाऱ्याकडे सरकवायचे. तरुण मुले-मुली असे वर्ष-दोन वर्षे करतात. सगुणाबाईंनी ते चाळीसहून अधिक वर्षे केले.

सगुणाबाई जालन्याकडच्या. लग्न होऊन उज्जैनला आल्या आणि मिशनच्या इस्पितळात आया म्हणून लागल्या. लिहिता-वाचता येत नाही. तेव्हाचे पाळक म्हणाले होते, आधी वाचायला शिका, मग वर्गाला या. मग ड्यूटी, मग मुले, मग नवऱ्याचे आजारपण, मग त्यांचे जाणे. त्या वर्षी त्या सत्तरीला टेकल्या होत्या. माधव नगरमध्ये मुलाकडे, सुनीलकडे, राहत होत्या. ऑक्टोबरातल्या एका रविवारी उपासना संपल्यावर माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, “सर, आता माझं नाव लिहा बरं. किती दिवस ताट पुढे ढकलू? आणि तुम्हीच शिकवणार ना? मग बरंय. आपल्या भाषेत विचारता येईल. हिंदीत मला भाजी घेता येते, देव नाही.” आणि स्वतःच हसल्या.

वर्गात चौघी होत्या. कॉलेजात शिकणाऱ्या तीन मुली आणि सगुणाबाई. विश्वासाविषयीची प्रश्नोत्तरी नातीकडून वाचून घेऊन त्यांनी ती तोंडपाठ केली होती. बोटाच्या पेरांवर अंगठा ठेवत उत्तर म्हणायच्या, एक पेर एक उत्तर. मुलींना वही बघावी लागे, यांना नाही. माधव नगरहून पायी यायच्या, पिशवीत पाण्याची बाटली, आणि नेहमी पंधरा मिनिटे आधी. एवढे मन लावून शिकणारे माणूस मला पुन्हा भेटले नाही. हेही मला तेव्हाच कळत होते — नंतर कळले असे मी म्हणणार नाही.

दुसऱ्या शनिवारी मी प्रभूने शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाचा प्रसंग सांगत होतो. सगुणाबाईंनी हात वर केला.

“सर, त्या मेजावर तो यहूदा पण होता ना?”

“होता.”

“त्यालाही भाकर दिली प्रभूनं?”

मी म्हणालो, दिली असे शास्त्रात दिसते.

“तो तर प्रभूला धरून देणारा. त्याला दिली. मग मला चाळीस वर्षं का नाही दिली हो? वाचता येत नाही म्हणून?”

मुलींपैकी एक खुदकन हसली. वाईट हेतूने नव्हे, प्रश्न आवडला म्हणून. बाकीच्या दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. दोन एम.ए., ग्रंथालयातली तीस वर्षे, एल्डरपद — आणि उत्तर नव्हते. ‘मला माहीत नाही’ एवढे तीन शब्द म्हणता आले असते. त्या समाधानी झाल्या असत्या, कदाचित खूशही. मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, पुढच्या शनिवारी यावर बोलू.

तो आठवडा मी पुस्तके चाळण्यात घालवला. जे सापडले ते त्या प्रश्नापुढे ठेवण्यासारखे नव्हते. तिसऱ्या शनिवारी दुपारी तिन्ही मुलींचा फोनवर निरोप आला — सर, प्रॅक्टिकल आहे, येता येणार नाही. म्हणजे वर्गात सगुणाबाई एकट्या. म्हणजे एक तास, समोरासमोर, तो प्रश्न. मी साडेतीनला चर्चमध्ये पोहोचलो होतो. स्कूटर फाटकाच्या आत उभी होती. खिडकीतून त्या येताना दिसल्या. मी वेस्ट्रीत गेलो. व्यासपीठामागची ती छोटी खोली — पास्टरसाहेबांचे झगे, भजनांची पुस्तके, प्रभुभोजनाची भांडी तिथे असतात. मी दार ओढले आणि कडी लावली. हळूच लावली, आवाज होऊ नये म्हणून. त्या हळूपणाचे काय स्पष्टीकरण देऊ?

एका मिनिटात बाहेर पडू, असे वाटले होते. मग पाच मिनिटे झाली, आणि पाच मिनिटांनंतर बाहेर पडणे जास्त अवघड झाले. त्या आत आल्या. चपला काढल्याचा आवाज आला. “सर?” म्हणून एकदा हाक मारली, मग थोड्या वेळाने “अहो सर?” पुढच्या बाकावर बसल्या असाव्यात, कारण त्यांचे पुटपुटणे मला स्पष्ट ऐकू येत होते. प्रश्नोत्तरी म्हणत होत्या — पहिल्या प्रश्नापासून, ओळीने. कुठे अडखळल्या नाहीत. मी झग्यांच्या मध्ये उभा राहून ती सगळी ऐकली. मग उठल्या, बाकांवरची विस्कटलेली भजनपुस्तके सरळ केली आणि गेल्या. जवळजवळ तासभर त्या होत्या. मीही होतो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मोठ्या एल्डरांनी सहज विचारले, “भाईसाहब, कल क्लास में कितने थे?” रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झाले तरी हजेरीची सवय सुटलेली नाही. वर्ग झालाच नाही, असे म्हटले असते तर ‘क्यों?’ आला असता. मी म्हणालो, “कोई नहीं आया।” आणि मग, बोललो त्याला धरून, हजेरीच्या वहीत चार नावांपुढे चार वेळा ‘अनुपस्थित’ लिहिले. तीन खरी होती. चौथे लिहिताना हात थांबला नाही — हे मी आवर्जून सांगतो, कारण थांबला असे लिहायचा मोह होतो आहे.

त्या रविवारी मी उपासना संपताच निघून गेलो. चौथ्या शनिवारी सर्दीचे निमित्त सांगितले. वर्ग पास्टरसाहेबांनी घेतला. वाटले होते, हे आपोआप विरून जाईल.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सेशन बसले. नव्या सभासदांना एकेक करून आत बोलावतात. मुलींचे पटकन झाले. त्यांनी निरोप दिला होता, तशी नोंद होती. मग सगुणाबाई आल्या. ठेवणीतले पांढरे लुगडे, हातात रुमाल. त्यांना घरी न्यायला सुनील आला होता, तो दाराशी उभा होता. पास्टरसाहेबांनी वही पाहिली आणि अगदी सौम्यपणे विचारले, “अम्मा, तीसरे शनिवार आप नहीं आ सकीं? तबीयत तो ठीक थी?”

“आई थी मैं,” त्या म्हणाल्या. “सर नहीं थे।”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मोठे एल्डर म्हणाले, “सर तो यहीं थे, अम्मा।”

“ना. उनकी स्कूटर खड़ी थी। सर नहीं थे।”

“तो स्कूटर अकेली घूमने निकली होगी!” कोणीतरी म्हणाले, आणि हसू उठले. मायेचे हसू होते ते. त्यात कुत्सितपणा असता तर त्या कदाचित भांडल्या असत्या. त्या मराठीवर आल्या, माझ्याकडे वळल्या. “सर, तुम्ही सांगा यांना. मी आले होते ना?”

तेव्हा — ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले ते आता लिहितो — मी शांतपणे, शिक्षकाच्या स्वरात म्हणालो, “सगुणाबाई, तो शुक्रवार असेल. शुक्रवारी महिला संघ असतो ना? मी पत्रक लावायला आलो होतो. स्कूटर तेव्हा दिसली असेल तुम्हाला.” आणि बाकीच्यांसाठी हेच हिंदीत पुन्हा सांगितले.

पत्रक माझेच होते. कोणत्या वारी काय असते ते माझ्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. खोटे त्यात इतके नेमके बसले की मलाच ऐकताना ते खरे वाटले.

“शुक्रवारी तर मी...” त्या म्हणाल्या. अंगठा पेरांवर फिरू लागला. शुक्रवार, शनिवार. पुन्हा शुक्रवार. “दोन्ही दिवशी आले होते मी,” एवढे म्हणाल्या, पण आवाज खाली गेला होता. सुनील दारातून म्हणाला, “आई, चल ना. होतं असं. त्या दिवशी दूधपण गॅसवर राहिलं होतं ना?” दूध कोणाच्या घरी उतू जात नाही? पण त्या क्षणी त्या खोलीत ते दूध साक्षीदार झाले. सगुणाबाईंनी रुमालाची घडी केली, पुन्हा उलगडली, आणि म्हणाल्या, “असेल बाबा. असेल मग शुक्रवार.”

पास्टरसाहेबांनी ठरवले की न कळवता वर्ग चुकवायचा नाही हा नियम सर्वांना सारखा, अम्मांनी पुढच्या वेळी यावे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तिन्ही मुली मंडळीसमोर उभ्या राहिल्या. ताट फिरले. सगुणाबाईंनी ते शेजारणीकडे सरकवले.

इथेच संपले असते तरी पुरेसे होते. पण सुनील घाबरला. चांगला मुलगा आहे, आईवर जीव आहे त्याचा, म्हणूनच घाबरला. पर्वणीची गर्दी, भरधाव ई-रिक्षा, जागोजागी खणून ठेवलेले रस्ते — यात वार विसरणारी म्हातारी एकटी कशी सोडायची? पायी येणे बंद झाले. घराची किल्ली त्यांच्याकडून घेतली. पर्समध्ये पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवली — ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पर्समध्ये, दुसऱ्यांनी वाचायला. सुनीलला सुट्टी असली तर रविवारी आणायचा, बहुधा नसायची. बुधवार गेला, शुक्रवारचा महिला संघ गेला. आणि त्यांचे स्वतःचे काय झाले? सून मला कौतुकाने सांगत होती, “आता खूप सांभाळून असतात हो. गॅस बंद केला की नाही, दोनदा विचारतात. आज कोणता वार, ते रोज सकाळी मला विचारून घेतात.” मी चहा पीत होतो. त्या घरी मी अधूनमधून जात असे. लोक म्हणत, सर किती लक्ष ठेवतात.

फेब्रुवारीत मीच सेशनमध्ये सुचवले की त्यांची विचारपूस आणि विश्वासाची कबुली घरी व्हावी आणि प्रभुभोजनही घरीच द्यावे. माझ्या या कळवळ्याचे कौतुक झाले. खरे बोलण्यापेक्षा ते किती सोपे होते, हे तुम्हाला सांगायला नको.

मार्चच्या पहिल्या रविवारी, उपासनेनंतर, पास्टरसाहेब आणि मी त्यांच्याकडे गेलो. स्टुलावर पांढरा रुमाल, त्यावर ताट आणि प्याला. पास्टरसाहेबांनी प्रश्न विचारले. सगुणाबाईंनी एकही उत्तर चुकवले नाही. “याददाश्त तो बढ़िया है अम्मा की!” पास्टरसाहेब चकित होऊन म्हणाले. सुनील म्हणाला, “पुराना सब याद है, पास्टरजी. नया भूल जाती हैं।” त्यांनी मान खाली घातली — चोरी पकडल्यासारखी.

भाकर मोडण्याआधी आमच्यात सांगायची रीत आहे : कोणाच्या मनात कोणाविषयी काही असेल, कोणी कोणाचा अपराध केला असेल, तर आधी तो मिटवावा आणि मग या मेजाशी यावे. पास्टरसाहेबांनी ते म्हटले आणि नेहमीसारखे पुढे जाणार होते. सगुणाबाईंनी हात वर केला. वर्गात करायच्या तसाच.

“एक मिनट, पास्टरसाब.” मग माझ्याकडे वळल्या. “सर, त्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुम्हाला खोटं पाडलं. तुम्ही नव्हता म्हणाले. माझ्या डोक्याचं आता काही खरं नाही, पण तोंड तर माझंच होतं. मला माफ करा. म्हणजे मला घेता येईल.”

खोलीत सगळे वाट पाहत होते. पास्टरसाहेबांच्या हातात भाकर तशीच होती. सुनीलचे डोळे भरून आले होते. बोलायला याहून योग्य जागा, याहून योग्य घटका या पृथ्वीवर मला कोणी दिली नसती. आणि मला काय करायचे होते? फक्त ‘तुम्ही आला होतात’ एवढे म्हणायचे होते.

मी म्हणालो, “माफ केले, सगुणाबाई.”

त्या हसल्या. हात जोडले. मग आयुष्यात पहिल्यांदा भाकरीचा तुकडा उचलला, आणि दात नसल्यामुळे बराच वेळ तोंडात घोळवत राहिल्या.

वेस्ट्रीत लपलो तो भेकडपणा होता, असे म्हणून मला कधीकधी झोप लागते. वहीत लिहिले, सेशनमध्ये बोललो, तो एका चुकीला झाकायला केलेला दुसरा प्रमाद — तसेही म्हणता येते. पण त्यांना मी माफ केले, त्याला काय म्हणू? घाई नव्हती, कोणी अडवत नव्हते, कोणी विचारतही नव्हते ‘क्यों?’ म्हणून. त्यांच्याजवळ जे शाबूत होते तेच मी घेतले होते, आणि ते हरवल्याबद्दल त्यांनी माझी क्षमा मागितली, आणि मी ती दिली. मोठ्या मनाने दिली.

आज त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. स्मरण अजून लख्ख आहे. फक्त त्यांचा त्याच्यावर विश्वास नाही. वार अजूनही सुनेला विचारतात, आणि सून सांगते तो त्यांना आधीच ठाऊक असतो — मी समोर बसून त्यांचे ओठ हलताना पाहिले आहेत. दर तीन महिन्यांनी मी पत्रकात एक ओळ टाइप करतो : घरी प्रभुभोजन, सगुणाबाई, माधव नगर, आणि पुढे माझे नाव.

येत्या रविवारी पुन्हा जायचे आहे. पास्टरसाहेब भाकर मोडतील, प्याला मी धरीन. तुम्ही माझ्या जागी असता, तर तो त्यांच्या हाती दिला असता का?